किल्ली खिशात, गाडी दारात

सांगली जिल्ह्यातल्या विटा, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यातली कुटुंबे देशभर पांगलेली आहेत. गावच्या घरासमोर मात्र एक गाडी असते, कव्हर घालून ठेवलेली. दिवाळीला किंवा जत्रेला माणसे येतात, कव्हर काढतात, हँडलवरचे बटण दाबतात आणि दरवाजा उघडतच नाही. उघडलाच तर मीटरवर ‘की नॉट डिटेक्टेड’ अशी अक्षरे उमटतात. किल्ली खिशात असते, गाडी आपली असते, पण ती मालकाला ओळखत नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत, जिथे घरटी कोणी ना कोणी फौजेत आहे, तिथेही सुट्टीवर आलेल्या जवानाची पहिली सकाळ अशीच जाते.

काही वर्षांपूर्वी ही तक्रार फक्त महागड्या गाड्यांची होती. आता एमएच-१०, एमएच-११ आणि एमएच-५० च्या पाट्या लावलेल्या मध्यम किमतीच्या गाड्यांनाही वरच्या मॉडेलात बटणस्टार्ट असतो, आणि तो स्कूटरपर्यंत येऊन पोचला आहे. या सगळ्या अडचणी एकत्र मांडून पाहिल्या की दोन गोष्टी दिसतात. त्यातल्या बहुतेक अडचणी मालकाला जागच्या जागी सोडवता येतात, फक्त त्या कशा सोडवायच्या हे त्याला कोणी दाखवलेले नसते. उरलेल्या ज्या खरोखर अडवतात, त्या यंत्राच्या दोषापेक्षा दुरुस्तीची विद्या कंपनीच्या संगणकात बंद राहिल्यामुळे अडवतात.

आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. हँडलचे बटण दाबले की गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या मंद लहरीवर एक हाक सोडते. ही लहर मुद्दाम आखूड पल्ल्याची असते, दाराच्या बाहेर जेमतेम हातभर ते मीटरभर. खिशातल्या किल्लीतला सूक्ष्म रेडिओ ती हाक ऐकून जागा होतो आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास सांकेतिक उत्तर पाठवतो. उत्तर जुळले की दरवाजा उघडतो. आत बसून स्टार्टचे बटण दाबले की हीच प्रश्नोत्तरे पुन्हा होतात. या वेळी डॅशबोर्डखाली, सीटांच्या मधे, डिकीजवळ लपवलेले अँटेना विचारतात आणि किल्ली गाडीच्या आतच आहे याची खात्री करतात. म्हणजे ऐकणे एका लहरीवर आणि बोलणे दुसरीवर. दोन्हींपैकी एक बिघडली तरी परिणाम तोच, म्हणून नुसत्या लक्षणावरून दोष ओळखणे अवघड जाते. एक खूण मात्र उपयोगी आहे. किल्लीवरचे बटण दाबून लॉक उघडत असेल, पण हँडलवरून उघडत नसेल, तर किल्लीला बोलता येते आहे आणि ऐकू येत नाही, असे धरून चालावे.

किल्लीत तिसरी एक सोयही असते, आणि ती सर्वांत कमी लोकांना माहीत असते. इमोबिलायझरची चिप. तिला सेल लागत नाही. गाडीतल्या कॉइलच्या अगदी जवळ नेली की कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला चालण्यापुरती वीज मिळते. म्हणून सेल पूर्ण मेलेला असतानाही किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून, क्लच किंवा ब्रेक दाबून बटण दाबले की बहुतेक गाड्या सुरू होतात. काही गाड्यांत ही जागा बटणापाशी नसते, कन्सोलमधल्या एखाद्या खाचेत असते. नेमकी कुठे ते गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते, आणि पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर निघालेली नसते.

साताऱ्याला किल्ली आणि वाहन यांचे नाते नवे नाही. १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड उभी राहिली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडू लागली. त्या पिढीच्या स्कूटरचे इंजिन मॅग्नेटोवर चाले, सुरू व्हायला बॅटरीची वाट पाहावी लागत नसे, किक मारली की काम भागे. किल्लीचे मोठे काम म्हणजे हँडल अडकवणे. ती हरवली तर बाजारपेठेत कोपऱ्यावर बसलेला किल्लीवाला कानस चालवून दुसरी करून देई, नाहीतर लॉकच बदलून मिळे. पुढे मोटारींच्या किल्लीत चिप आली तेव्हा नुसती कानस पुरेनाशी झाली. मर्सिडीजने १९९८ च्या सुमारास एस-क्लासमध्ये ‘कीलेस-गो’ आणले. भारतात छोट्या गाडीत हे प्रथम ठळकपणे दिसले ते २०१० च्या निस्सान मायक्रामध्ये. पुढच्या दशकात ह्युंदाई, मारुती, होंडा, टाटा, महिंद्रा सगळ्यांच्या वरच्या मॉडेलांत ते आले. जानेवारी २०२३ मध्ये होंडाने ‘ॲक्टिव्हा’ची एच-स्मार्ट आवृत्ती काढली आणि भाजी आणायला जायच्या गाडीलाही बिनदात्यांची किल्ली मिळाली.

आता अडचणी. सर्वांत साधी किल्लीच्या सेलची. बहुतेक किल्ल्यांत सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो, काहींत सीआर २०२५ किंवा आणखी लहान. साधारण वर्ष-दोन वर्षांत तो उतरतो. उतरायच्या आधी सूचना मिळते: आज दोनदा दाबावे लागले, काल गाडीजवळ जास्त जावे लागले. मीटरवर ‘की बॅटरी लो’ असेही येते. आपण ते पुढे ढकलतो आणि महाबळेश्वरच्या एखाद्या गार पहाटे तो सेल हात टेकतो, कारण थंडीत अशा सेलचा जोर आणखी कमी होतो. सेल लवकर संपण्याचे एक कारण घरातच असते. किल्ली टीव्हीवर, संगणकाजवळ किंवा मोबाइलच्या चार्जरशेजारी ठेवली की तिथल्या चुंबकीय लहरींनी ती वारंवार जागी होते. गाडी भिंतीला लागून उभी असेल आणि किल्ली त्याच भिंतीच्या खिळ्याला टांगलेली असेल, तरी काही गाड्यांत असेच होते. टोयोटासारख्या कंपन्यांच्या पुस्तिकांत याबद्दल स्पष्ट ताकीद आहे.

सेल बदलणे दोन मिनिटांचे काम आहे, पण ते नीट करावे. किल्लीच्या कडेची खाच पाहून पातळ पट्टी घालावी, सेलची + बाजू कोणत्या दिशेला होती ते पाहून ठेवावे, आतल्या पट्ट्यांना घामट बोटे लावू नयेत. काही कंपन्यांच्या सेलवर लहान मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप दिलेला असतो. त्यामुळे काही उपकरणांत वीज नीट पोचत नाही. नवा सेल घालूनही किल्ली मुकीच राहिली तर लेप नसलेला दुसरा सेल घालून पाहावा. त्याच वेळी काढलेला सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर टाकावा. असा सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा होते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठावा. किल्लीच्या गैरसोयीपेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी आहे.

दुसरी अडचण गाडीच्या मोठ्या बॅटरीची. गलाईवाल्यांच्या आणि जवानांच्या गाड्यांना भेटते ती हीच, आणि सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत माझ्या मते सर्वांत जास्त त्रास हिचाच आहे. दोष सगळा किल्लीवर जातो, कारण किल्ली दिसते आणि बॅटरी बॉनेटखाली असते. बिनकिल्लीची गाडी बंद असतानाही पूर्ण झोपत नाही. दाराचा सेन्सर, अलार्म, घड्याळ, इमोबिलायझर थोडी थोडी वीज खात राहतात. समजा हा खप ३० मिलिअँपिअर आहे. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या जवळ जातो, महिन्याला सुमारे २२. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे एका महिन्यात निम्म्याहून अधिक रिकामी, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याआधीच. वर डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर जोडलेला असेल तर हिशेबच नको.

अशी गाडी उघडायची कशी? किल्लीच्या पोटात एक खरी, लोखंडी पाते असलेली किल्ली लपलेली असते. कडेची छोटी कळ सरकवली की ती निघते. ड्रायव्हरच्या दाराला तिच्यासाठी भोक असते, काही गाड्यांत ते हँडलच्या प्लास्टिकच्या टोपणाखाली दडवलेले असते. दार उघडले की बॉनेटची कळ आत सापडते. मग दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबल लावायची. लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या + टोकांना, काळी दुसऱ्या गाडीच्या वजा टोकाला आणि आपल्या गाडीत इंजिनच्या उघड्या धातूला. इथे ऊसपट्ट्यातल्या माणसाने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते, ती चालते. उसाच्या ट्रकची विजेची व्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते. तिच्यावरून मोटार जंप केली तर किल्ली ओळखणारा संगणकच जळू शकतो, आणि मग शंभर रुपयांच्या कामाचे हजारोंवर जाते.

धक्का मारून गाडी सुरू करण्याची आपली जुनी सवयही इथे उपयोगी पडत नाही. ऑटोमॅटिकला ती कधीच लागू नव्हती. मॅन्युअल गाडीतही बटणस्टार्टला आधी इग्निशन ऑन व्हावे लागते आणि त्याला बॅटरीत थोडा तरी जीव लागतो. बॅटरी पूर्ण संपली असेल तर ज्या गाड्यांत विजेवर चालणारे स्टिअरिंग लॉक आहे ते सुटतच नाही. अशा वेळी चार पोरे गोळा करून गाडी उतारावर लोटायची कल्पना धोक्याची आहे, टोचन लावून ओढण्याचीही. गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर बॅटरीचे वजा टोक काढून ठेवणे किंवा शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा अर्धा तास खरोखर चालवून आणायला सांगणे, हेच शहाणपणाचे. जागेवर पाच मिनिटे इंजिन चालवून बंद केले तर स्टार्टर फिरवायला गेलेली वीजही भरून येत नाही.

तिसरी अडचण लहरींच्या गोंधळाची. लोक पहिला संशय टॉवरवर घेतात. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर टीव्हीचा मनोरा आहे, सांगलीत १९६३ पासून आकाशवाणीचे १२५१ किलोहर्ट्झचे केंद्र आहे, मोबाइलचे टॉवर तर गल्लोगल्ली. यांच्या लहरी किल्लीच्या दोन्ही लहरींपासून बऱ्याच दूर आहेत. अगदी पायथ्याशी, फार बलवान लहरीत किल्लीचा रेडिओ गांगरू शकतो, पण रोजच्या त्रासाचे कारण बहुतेक वेळा गाडीच्या आतच सापडते. सिगारेट लायटरच्या भोकात खुपसलेला स्वस्त चार्जर, एलईडी पट्ट्या, इन्व्हर्टर, डॅशकॅमचा ॲडॅप्टर. यांत विजेची गाळणी नीट नसेल तर ते मंद लहरींवर सतत गोंगाट करतात आणि गाडीची हाक त्यात बुडते. वायरलेस चार्जिंगची पाटी तर जवळजवळ किल्लीच्याच लहरीवर काम करते. ती साधारण १०० ते २०५ किलोहर्ट्झमध्ये चालते आणि किल्ली १२५ वर ऐकते. म्हणूनच काही गाड्या किल्ली शोधताना क्षणभर चार्जिंग थांबवतात. मोबाइल आणि किल्ली एकाच खिशात, किंवा पर्समध्ये किल्ली स्टीलच्या डब्याला चिकटून, एवढ्यानेही काम बिघडते. मीटरवर ‘की नॉट डिटेक्टेड’ आले की प्रथम सगळे चार्जर काढावेत, मोबाइल दूर ठेवावा आणि किल्ली हातात धरून बटण दाबावे.

बाहेरून गोंधळ होतच नाही असे नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉर्थ ओल्मस्टेड या गावात एका वस्तीतल्या गाड्यांच्या किल्ल्या आणि गॅरेजचे रिमोट आठवडेच्या आठवडे चालेनात. शोध घेतल्यावर कारण निघाले एका घरातले हौशी माणसाने बनवलेले बॅटरीवरचे यंत्र. तिकडच्या किल्ल्या ज्या ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात त्याच लहरीवर ते अखंड ओरडत होते आणि त्याच्या मालकाला याची कल्पनाही नव्हती. आपल्याकडे ४३३ मेगाहर्ट्झवर शटरचे रिमोट, बिनतारी घंटा आणि मोटारपंपाचे काही रिमोट चालतात. एकाच पार्किंगमध्ये सगळ्यांच्या किल्ल्या अडत असतील, तर आपली गाडी वर्कशॉपला न्यायच्या आधी आसपास असे काही अडकून बसले आहे का ते पाहावे.

कधी कधी किल्ली पूर्ण निर्दोष असते. ब्रेकच्या पेडलमागचा छोटा स्विच बिघडला की ब्रेक दाबलेला गाडीला कळत नाही. मग बटण दाबले तरी रेडिओ लागतो, पंखा फिरतो, इंजिन फिरत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: ब्रेक दाबून कोणाला तरी मागचे लाल दिवे पाहायला सांगा. दिवे लागत नसतील तर दोष स्विचचा, फ्यूजचा किंवा त्याच्या वायरिंगचा. मॅन्युअल गाडीत क्लचच्या स्विचचेही असेच. चढावर, चाक कठड्याला टेकवून उभी केलेली गाडी असेल तर स्टिअरिंग लॉक ताणाखाली अडकते. बटण दाबता दाबता स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवले की ते सुटते. टोइंगवाला बोलावून पैसे मोजल्यावर हे कळले की माणूस हळहळतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

सांगलीच्या बाबतीत पाण्याचा विषय वेगळा मांडलाच पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथे ४५ आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, कऱ्हाड-पाटणकडेही हाहाकार झाला. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांत किल्ली ओळखणारे अँटेना आणि त्यांना सांभाळणारे संगणक सहसा सीटखाली, पायाजवळच्या पडद्यामागे, म्हणजे पाणी प्रथम पोचते तिथे असतात. पाणी ओसरल्यावर बटण दाबून ‘चालू होते का’ पाहण्याचा मोह आवरावा. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर तेवढ्याने इंजिनाचे दांडे वाकतात, आणि साध्या विम्यात हे नुकसान अनेकदा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची जोड घ्यावी लागते. वाळवून चालू झालेल्या गाडीतही महिन्या-दोन महिन्यांनी कनेक्टर हिरवे पडतात आणि किल्ली कधी दिसते, कधी दिसत नाही, असा खेळ सुरू होतो. सेकंडहँड गाडी घेताना पुराची शंका असेल तर कार्पेट उचलून सीटच्या रुळांवरचा गंज आणि गाळ पाहावा, आणि किल्लीची चाचणी पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या दारांवरून घ्यावी.

दोष नसताना माणसाच्या सवयीमुळे होणारी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. समजा नवऱ्याने साताऱ्याच्या एसटी स्टँडवर उतरताना गाडी बायकोच्या हाती दिली, इंजिन चालूच, किल्ली त्याच्या खिशात. तो पुण्याच्या बसमध्ये, ती कऱ्हाडला. किल्ली बाहेर गेली तरी गाडी बंद पडत नाही, पडूही नये. धावत्या महामार्गावर किल्लीचा सेल संपला म्हणून इंजिन बंद झाले तर जीव जाईल. गाडी फक्त घंटी वाजवते. पण उंब्रजला चहाला थांबून इंजिन बंद केले की ती पुन्हा सुरू होणार नाही. गाडी दुसऱ्याच्या हाती देताना ‘किल्ली दिली का’ हा प्रश्न पूर्वी विचारावाच लागत नसे, आता तोंडाने विचारावा लागतो. दुसरी किल्ली कुठे आहे हेही तसेच. या भागातल्या कितीतरी घरांत गाडी गावी आणि जादा किल्ली पुण्याच्या फ्लॅटच्या ड्रॉवरमध्ये असते.

धावत्या गाडीत बटण दाबायचे कसे, या प्रश्नाने जगात माणसे मेली आहेत. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ महामार्ग पोलीस दलातले अधिकारी मार्क सेलर चालवत असलेल्या लेक्सस गाडीचा ॲक्सिलरेटर पायाखालच्या मॅटमध्ये अडकला. गाडीतली चारही माणसे दगावली. त्या गाडीला बटणस्टार्ट होता आणि धावताना इंजिन बंद करायला बटण ३ सेकंद दाबून धरावे लागे. घाबरलेला माणूस एकदाच पटकन दाबतो, फार तर पुन्हा दाबतो. त्यानंतर अमेरिकेच्या वाहनसुरक्षा यंत्रणेने २०११ मध्ये हा वेळ कमी आणि सगळीकडे सारखा करण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडच्या गाड्यांतही पद्धत एकसारखी नाही. कुठे दोन-तीन सेकंद दाबून धरायचे, कुठे पाठोपाठ तीनदा दाबायचे. पसरणी, आंबेनळी, केळघर, कुंभार्ली असे घाट रोजच्या वाटेवर असलेल्या चालकाने आपल्या गाडीची रीत पुस्तिकेत आजच पाहून ठेवावी. सोबत हेही: घाटात ब्रेक तापले म्हणून इंजिन बंद करू नये. ब्रेकची मदत दोन-चार दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते. खालचा गिअर हाच उपाय. बटण शेवटचे, ॲक्सिलरेटर अडकलाच तर.

उलट बाजूची चूक म्हणजे इंजिन बंद करायचे राहून जाणे. किल्ली काढायची नसल्यामुळे हात सवयीने थांबत नाही, आणि हायब्रिड गाडी उभी असताना आवाजही करत नाही. अमेरिकेत घराला जोडलेल्या बंद गॅरेजमध्ये असे झाल्याने कार्बन मोनॉक्साइडने दोन डझनांहून अधिक माणसे दगावल्याचे २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले. २०२१ च्या तिकडच्या पायाभूत सुविधा कायद्यात इंजिन आपोआप बंद होण्याची तरतूद आली. आपल्याकडे पार्किंग बहुधा उघडे असते, म्हणून धोका कमी आहे. पण बंगल्याखाली शटर लावलेले गॅरेज असेल तर तो तितकाच खरा आहे.

चोरीबद्दल भीती पुष्कळ आहे आणि ती निराधार नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या फ्रान्सिलॉन, डानेव्ह आणि चाप्कुन या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठ कंपन्यांच्या दहा गाड्या घेतल्या. गाडीची हाक उचलून दूरच्या किल्लीपर्यंत पोचवायची आणि किल्लीचे उत्तर परत आणायचे, एवढेच त्यांनी केले. दहाही गाड्या फसल्या. कुठलेही संकेत फोडावे लागले नाहीत. यावर खरा इलाज म्हणजे लहरीला जायला-यायला लागलेला वेळ मोजून किल्लीचे अंतर ठरवणारी अल्ट्रा-वाइडबँड किल्ली. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने ती २०१८ पासून आणली. स्वस्त गाड्यांना ती यायला वेळ लागेल. तोवर रात्री किल्ली घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवणे उपयोगी पडते. डबा चालतो का ते किल्लीसह गाडीजवळ नेऊन हँडल दाबून पाहावे. भारतात चोरांची आवडती वाट मात्र निराळी आहे. दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे वारंवार सापडले ते स्टिअरिंगखालच्या, दोष तपासण्यासाठी असलेल्या ओबीडी सॉकेटला जोडून नवी किल्ली नोंदवणारे यंत्र. त्याला डबा थोपवत नाही, स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा थोपवतो.

आणि इथेच सर्वांत खटकणारी गोष्ट आहे. चोराला नवी किल्ली नोंदवायचे यंत्र मिळते, मग मिरजेतल्या प्रामाणिक वायरमनला का मिळू नये? किल्ली हरवली की आज काय होते? पोलिसांत तक्रार, आरसी आणि ओळखपत्र घेऊन शोरूम, कंपनीकडून कोड, किल्ली मागवायची, गाडी टोचन करून वर्कशॉपला न्यायची, कारण नोंदणी गाडीसमोरच करावी लागते. खर्च काही हजारांपासून सुरू होतो, दिवस किती लागतील ते सांगता येत नाही. जत किंवा आटपाडीच्या माणसाला यासाठी सांगली गाठावी लागते, काही कंपन्यांसाठी कोल्हापूर किंवा पुणे. दुसरी किल्ली हरवली म्हणून दुर्लक्ष करणेही महागात पडते. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपन्या दोन्ही मूळ किल्ल्या मागतात आणि एक नसेल तर दाव्यात अडचण येते. किल्ली बदलून मिळण्याची वेगळी विमाजोड मिळते, ती बटणस्टार्टच्या गाडीला घेतलेली बरी.

दुरुस्तीची विद्या अशी अडवून ठेवण्यावर देशात निवाडा झालेला आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा यांच्यासह १४ मोटार कंपन्यांना २५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधणारी यंत्रे स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणे हा त्यांचा दोष धरला गेला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारीही घेतल्या. सुरक्षेचा कोड कोणालाही वाटावा असे मी म्हणत नाही. ओळख पटवून, नोंद ठेवून, परवानाधारक कारागिराला तो देता येतो. किल्लीवाल्याची पिढी कानस घेऊन बसली होती, तिच्या मुलांना हे काम शिकायची तयारी आहे.

शिकवण्याची जागाही आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो. त्यात इमोबिलायझर, किल्लीची नोंदणी आणि १२५ किलोहर्ट्झचा अँटेना तपासणे हे एक प्रकरण सहज बसेल. शोरूमनेही आपला वाटा उचलावा. गाडी ताब्यात देताना नारळ फुटतो, हार घातला जातो, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली धरून फोटो निघतो. त्याच वेळी किल्लीतला सेल काढून पुन्हा घालून दाखवावा, लोखंडी पाते दाखवावे, सेल नसताना किल्ली नेमकी कुठे टेकवायची ते गिऱ्हाइकाच्या हाताने करून घ्यावे, आणि घरातून जो जो गाडी चालवणार त्या प्रत्येकाकडून.

जाता जाता मिरजेसाठी. वॉन्लेस रुग्णालयाच्या काळापासून वैद्यकीय गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिरजेत दूरदूरहून रुग्ण येतात आणि पेसमेकर बसवून घरी जातात. टोयोटाची पुस्तिका पेसमेकर असलेल्यांना गाडीतल्या किल्लीच्या अँटेनांपासून निदान २२ सेंटीमीटर छाती दूर ठेवायला सांगते. बसून गाडी चालवताना हे अंतर आपोआप राहते. पण खाली वाकून सीटांमधल्या कन्सोलमध्ये काही शोधताना किंवा डिकीत डोके घालताना ते राहीलच असे नाही. अशा रुग्णाने गाडीची पुस्तिका आणि पेसमेकरचे कार्ड दोन्ही सोबत नेऊन डॉक्टरांना विचारावे. अडचण वाटलीच तर बहुतेक गाड्यांत हे अँटेना सेटिंगमधून किंवा शोरूमकडून बंद करून घेता येतात, आणि किल्लीवरचे बटण दाबून गाडी नेहमीसारखी उघडते.